पाइप ओढायला शिकताना: लाकूड, पान आणि काडी

पाइप हातात घेणाऱ्या बहुतेकांचे पहिले आठ दिवस सारखेच जातात. जीभ भाजते, पाइप दर दोन मिनिटांनी विझतो, नळीत पाणी गुरगुरतं आणि चव म्हणून काय मिळते, तर गरम वाफ. मग पाइप खणात जातो तो जातोच. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात: तंबाखू ओली असते आणि ओढणारा घाईत असतो. पाइपबद्दल मला जे काही सांगायचंय ते या दोन गोष्टींभोवतीच फिरतं. लाकूड कुठलं घ्यायचं, पान कसं कापलेलं हवं, किती वाळवायचं, किती दाबायचं, हे सगळं धूर थंड राहावा म्हणूनच आहे.

पण आधी तब्येतीचं बोलू, कारण या छंदात त्याबद्दल गोड गैरसमज फार आहेत. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात घोळवून सोडून देतात. त्यामुळे तो निरुपद्रवी आहे असं लोक धरून चालतात. तसं नाही. हा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. ओठ, जीभ, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुस या सगळ्यांच्या कर्करोगाचा धोका पाइपने वाढतो. ओठाचा कर्करोग आणि पाइप यांचा संबंध झॉमरिंग या जर्मन वैद्याने १७९५ मध्येच नोंदवून ठेवला होता. शिवाय तंबाखूची सवय लागते; आठवड्यातून एकदाचा पाइप रोजचा कधी झाला ते कळत नाही. म्हणून ज्याने तंबाखूला आजवर हात लावलेला नाही, त्याने नुसत्या कुतूहलापोटी सुरुवात करू नये असं मी मनापासून सांगेन. सिगारेटवरून पाइपकडे वळणाऱ्यांनी तर दुप्पट जपावं: धूर छातीत ओढायची सवय हाडीमांसी भिनलेली असते आणि ती इथेही सुटत नाही. पुढचं सगळं हे जाणून-उमजून ठरवलेल्या प्रौढ माणसासाठी आहे. आणि पाइप ओढायचा तो मोकळ्या हवेत, लहान मुलं आणि इतर माणसं यांच्यापासून लांब.

पहिला पाइप कुठला घ्यावा

पाइपचे भाग आधी ओळखून घेऊ. तंबाखू भरायचा तो बाउल. त्याला जोडलेली लाकडी मान म्हणजे शँक. शँकमध्ये बसणारी, दातात धरायची नळी म्हणजे स्टेम आणि स्टेमचं जे बारीक टोक शँकच्या आत शिरतं तो टेनन. धुराची वाट बाउलच्या तळाशी सुरू होते आणि दातांशी संपते. ही वाट सरळ आणि मोकळी असणं हे पाइपच्या रूपापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

जगातले बहुतेक चांगले पाइप ब्रायरचे असतात. ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य सागराच्या आसपास वाढणाऱ्या झुडपाची गाठ. खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे, जमिनीच्या पोटात, ही गाठ अनेक वर्षं फुगत राहते. खणून काढल्यावर ती तडकू नये म्हणून ओलसर ठेवतात, करवतीने तिचे ठोकळे पाडतात, ते ठोकळे तासन्‌तास उकळून त्यातला चीक आणि रंग बाहेर काढतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. एवढं केल्यावर जे लाकूड हाती येतं ते हलकं असतं, ओल शोषतं आणि निखारा पोटात घेऊनही सहजी जळत नाही. फ्रान्समधलं सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या कामासाठी ओळखलं जातं. ब्रायरवर उभ्या सरळ रेषा असल्या किंवा पक्ष्याच्या डोळ्यासारखे गोल ठिपके असले की किंमत चढते. ती किंमत डोळ्यांच्या सुखाची असते. धुराला रेषा कळत नाहीत. वाळूचा मारा करून खडबडीत केलेला पाइप गुळगुळीत पाइपपेक्षा बहुधा स्वस्त मिळतो, हातात छान बसतो आणि ओढायला तसूभरही कमी नसतो. नवशिक्याने तोच पाहावा.

त्याहूनही स्वस्तात आणि बिनधास्त सुरुवात करायची असेल तर मक्याचा पाइप घ्या. दाणे काढल्यावर उरणारा कणसाचा मधला दांडा वाळवून, कोरून तो बनवतात. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन या गावी मिसूरी मीरशॉम ही कंपनी १८६९ पासून हेच करते आहे. मक्याचा पाइप सरावायला वेळ लागत नाही, ओल चटकन पितो, लवकर वाळतो आणि भरण्या-ओढण्यातल्या चुका पोटात घालतो. फक्त एक लक्षात ठेवा: यात लाकडी शँकचं टोक बाउलच्या तळाशी आत डोकावत असतं. तळापर्यंत जोर लावून ओढलंत तर ते लाकूड जळतं आणि तोंड कडू होतं. शेवटचा थोडा भाग सोडून द्यायचा.

मीरशॉम हा तिसरा प्रकार. हे लाकूड नाही, सेपिओलाइट नावाचं पांढरं, हलकं, सच्छिद्र खनिज आहे. उत्तम प्रतीचं तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिर भागातून येतं. मेण लावलेला पांढराशुभ्र पाइप वर्षानुवर्षं ओढताना आधी लोण्याच्या, मग मधाच्या आणि शेवटी गडद तपकिरी रंगावर जातो. हा बदल पाहणं सुंदर आहे, पण हातातून पडला की संपला. पहिला पाइप म्हणून नको.

आकाराबद्दल फार विचार करू नका. बिलियर्ड म्हणजे उभ्या भिंतींचा बाउल आणि सरळ स्टेम, हा सर्वांत जुना-जाणता आकार साफ करायला सगळ्यात सोपा. वाकडा पाइप दातांना हलका लागतो, पण वळणावर पाणी साचतं. आयर्लंडच्या पीटरसनने १८९० मध्ये पेटंट घेतलेली रचना याच पाण्यावरचा उपाय आहे: शँकमध्ये एक छोटी विहीर ठेवलेली असते, ओल तिच्यात जमते आणि कोरडा धूर वर येतो. बाउल आतून साधारण १८ ते २० मिलिमीटर रुंद आणि ३५ ते ४० मिलिमीटर खोल असला म्हणजे कुठल्याही मिश्रणाला चालतो. भिंती जाड असाव्यात, हाताला चटका कमी बसतो.

स्टेम एक तर व्हल्कनाइटचा असतो, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा, नाहीतर अ‍ॅक्रिलिकचा. व्हल्कनाइट दातांना मऊ लागतो, पण उन्हाने आणि लाळेने हिरवट-पिवळा पडतो. अ‍ॅक्रिलिकची चमक जात नाही, मात्र तो दातांना कडक वाटतो. मी व्हल्कनाइटच्या बाजूचा आहे, पुसायचे कष्ट धरूनही.

घेताना एक परीक्षा जरूर करा. पाइप क्लीनर, म्हणजे तारेवर कापूस गुंडाळलेली ती लवचीक काडी, स्टेममधून घाला. स्टेम न काढता ती थेट बाउलच्या तळात निघाली पाहिजे. मधे अडली तर धूरही तिथेच अडणार आणि पाणी तिथेच साचणार. मग बाउलमध्ये डोकावून पाहा: धुराचं छिद्र अगदी तळाशी, मधोमध उघडलेलं हवं. वर उघडत असेल तर खालची तंबाखू कायम ओली राहील.

पाइपबरोबर क्लीनरचं एक पुडकं, एक टॅम्पर आणि लाकडी काड्यांची काडेपेटी एवढंच घ्या. टॅम्पर म्हणजे राख दाबायचा चपटा खिळा. साधा लायटरही चालतो, पण निळ्या ज्योतीचा जोरकस लायटर नको, त्याने बाउलची कड करपते.

पान आणि मिश्रणं

इथे खरी गंमत आहे आणि इथेच माणूस गोंधळतो. डब्यांवरची नावं शेकडो असली तरी त्यांच्या आत फिरून फिरून तीच पाच-सहा पानं असतात. ती ओळखता आली की कुठलाही डबा वाचता येतो.

व्हर्जिनिया हे गरम हवेच्या कोठीत वाळवलेलं पान. यात साखर भरपूर असते, चव गवत, लिंबू आणि ताज्या पावाच्या दिशेची. साखरेमुळेच ते तापतं आणि घाईने ओढलं तर जीभ सोलून काढतं. बर्ली सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. त्यात साखर नावापुरती, चव भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळची, निकोटीन चढं. हे पान स्पंजासारखं असतं, वरून घातलेला कुठलाही वास पिऊन टाकतं. ओरिएंटल किंवा तुर्की पानं लहान असतात, उन्हात वाळवतात, वास मसालेदार आणि किंचित आंबूस. इझमीर, सामसुन, बास्मा ही त्यांतली नावं.

लाटाकिया हा ओरिएंटलचाच अवतार, पण त्याला लाकडाच्या आणि झुडपांच्या धुरावर धरलेलं असतं. नाव सीरियातल्या बंदराचं, आज बाजारात दिसतं ते मुख्यतः सायप्रसचं. पान काळंकुट्ट असतं आणि डबा उघडला की विझलेल्या शेकोटीचा, चामड्याचा वास येतो. पहिल्यांदा हुंगणारा एक तर डबा लगेच मिटतो, नाहीतर त्याच्या प्रेमात पडतो. पेरीक हे लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्याचं पान. पिंपात घालून वरून प्रचंड दाब देतात आणि महिनोन्‌महिने आंबवतात. चव सुकलेल्या अंजीर-मनुकांची आणि मिरीची. एकटं कुणी ओढत नाही. व्हर्जिनियात चिमूटभर घालतात. कॅव्हेंडिश ही जात नव्हे, प्रक्रिया आहे: व्हर्जिनिया किंवा बर्लीला वाफ देऊन दाबतात, बहुधा गोडवा आणि वासही घालतात.

आता मिश्रणांची नावं उलगडतील. व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लाटाकिया एकत्र आले की त्याला इंग्लिश मिश्रण म्हणतात. व्हर्जिनिया आणि पेरीकची जोडी शौकीन ‘व्हेपर’ म्हणून ओळखतात, त्याचा विजेवरच्या सिगारेटशी काही संबंध नाही. आणि व्हॅनिला, चेरी, चॉकलेट असले वास घातलेली ती अ‍ॅरोमॅटिक.

नवशिक्याच्या हातात लोक हटकून अ‍ॅरोमॅटिक देतात, कारण डब्याचा वास छान येतो आणि शेजारी बसलेल्याला तो आवडतो. मला हा सल्ला पटत नाही. अ‍ॅरोमॅटिकमध्ये ओल धरून ठेवणारे पदार्थ घातलेले असतात. ती वाळता वाळत नाही, वाफ जास्त होते, जीभ भाजते आणि नळी गुरगुरते. म्हणजे सगळ्यात अवघड तंबाखू सगळ्यात नवख्या माणसाच्या वाट्याला येते. शिवाय तो वास लाकडात मुरतो. माझ्या पहिल्या ब्रायरमध्ये चेरीचा वास असा घर करून बसला की पुढे कितीतरी दिवस प्रत्येक व्हर्जिनियातून चेरीच येत राहिली. साध्या बर्लीपासून किंवा सौम्य इंग्लिश मिश्रणापासून सुरुवात करा. दोन्ही मंद जळतात आणि जिभेला सांभाळून घेतात. अ‍ॅरोमॅटिक हवीच असेल तर तिच्यासाठी मक्याचा एक पाइप वेगळा ठेवा.

पान कसं कापलंय तेही पाहा. रिबन म्हणजे बारीक पट्ट्या, थेट भरता येतात. फ्लेक म्हणजे दाबून बनवलेल्या वडीचे पातळ काप. ते तळहातावर चोळून मोकळे करावे लागतात. प्लग ही अख्खी वडी, सुरीने कापायची. दोरासारखा वळलेला रोपही मिळतो, पण तो बहुधा इतका कडक असतो की वर्षभर तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

वाळवणं आणि भरणं

डब्यातून निघालेली तंबाखू बहुतेक वेळा ओढायच्या मानाने ओली असते. बनवणारे ती मुद्दाम ओलसर ठेवतात, म्हणजे डब्यात तिचा भुगा होत नाही. एका वेळेला लागते तेवढी, म्हणजे दोन-तीन ग्रॅम, कोऱ्या कागदावर पसरून ठेवा. पंधरा मिनिटांनी चिमटीत धरून दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून ओली आहे. हळूहळू उलगडला आणि बोटांना थंड ओल लागली नाही तर झाली. कुरकुरली तर जास्त वाळली. काही मिश्रणांना तासभर लागतो. मला कुणी एकच सल्ला विचारला तर मी हा कागद पुढे करतो.

आता भरूया. आधी रिकाम्या पाइपमधून हवा ओढून पाहा आणि ती किती सहज येते ते लक्षात ठेवा. तंबाखूची मोकळी चिमूट बाउलमध्ये वरून नुसती सोडा, काठोकाठ. दाबू नका. बाउलला बाहेरून बोटाने दोन टिचक्या मारा, तंबाखू आपल्या वजनाने खाली बसेल. मग अगदी हलक्या हाताने अर्ध्यापर्यंत दाबा. पुन्हा काठोकाठ भरा आणि या वेळी जरा जोर देऊन पाऊण बाउलपर्यंत आणा. तिसरी चिमूट थोडी उंचवटा येईल इतकी घाला आणि अंगठ्याने काठाच्या किंचित खाली येईपर्यंत दाबा. तळाला भुसभुशीत आणि वर घट्ट, असा हा चढता दाब आहे. दाबल्यावर वरचा थर किंचित उसळी मारून परत यायला हवा. आता पुन्हा हवा ओढा: रिकाम्या पाइपपेक्षा थोडीशीच जड लागली पाहिजे. गाल आत जात असतील तर सगळी तंबाखू बाहेर काढा आणि नव्याने भरा. तसंच रेटून ओढायचा हट्ट कधीच फळत नाही.

पेटवणं आणि ओढणं

काडी ओढल्यावर तिचं डोकं पूर्ण जळू द्या, नाहीतर पहिल्या झुरक्यात त्या मसाल्याची चव येते. ज्योत तंबाखूच्या पृष्ठभागावर गोल फिरवत तीन-चार छोटे झुरके घ्या. वरची तंबाखू काळी पडून फुगून वर येईल. बहुतेक वेळा ती लगेच विझते. विझू द्या. टॅम्परने तो काळा थर हलकेच सपाट करा आणि पुन्हा पेटवा. खरं पेटणं हे दुसरं, पहिलं नुसती तयारी.

यानंतरचं सगळं कौशल्य कमी करण्यात आहे. गरम चहाचा पहिला घोट आपण जसा घेतो तसा, ओठांच्या टोकाने, धूर घ्या. दोन झुरक्यांमध्ये थांबा. पाइप हातात धरून बसा, बाउलला गाल लावून पाहा. गालाला चटका बसत असेल तर पाइप खाली ठेवा आणि त्याला निवू द्या. चव निखाऱ्यातून येत नाही, निखाऱ्याच्या खाली ऊब लागणाऱ्या पानातून येते. निखारा जितका मंद तितकं पान जास्त बोलतं. व्हर्जिनियाचा गोडवा तर पाइप जवळजवळ विझायला आलेला असताना सगळ्यात स्पष्ट लागतो, हे मला उमगायला दोन वर्षं गेली.

मधूनमधून टॅम्पर टेकवा. दाबायचं नाही, टॅम्परच्या स्वतःच्या वजनाने राख खाली बसेल एवढंच. पाइप विझला तर त्यात कमीपणा नाही. एका बाउलमध्ये तीन-चार वेळा पेटवणं जुन्या माणसांनाही लागतं. मंद ओढण्याच्या स्पर्धा होतात, त्यांत प्रत्येकाला ३ ग्रॅम तंबाखू आणि दोन काड्या मिळतात आणि ज्याचा पाइप सर्वांत शेवटी विझतो तो जिंकतो. स्पर्धेला बसायची गरज नाही, पण एखाद्या संध्याकाळी हा खेळ स्वतःशीच करून पाहा. हात कुठे घाई करतो ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

गुरगुर सुरू झाली तर क्लीनर स्टेममधून तळापर्यंत घाला, दहा आकडे मोजा आणि काढा. ओल त्याच्यावर येते. जीभ चुरचुरायला लागली तर तो बाउल तिथेच सोडा आणि पुढचे दोन दिवस पाइपला हात लावू नका. अचानक उचकी लागली, घाम फुटला, मळमळलं, तर ते निकोटीनचं काम आहे. लगेच थांबा, मोकळ्या हवेत बसा, पाणी प्या, काहीतरी गोड खा. उपाशीपोटी पाइप ओढू नये तो यासाठीच.

नंतरची देखभाल

पाइप गरम असताना स्टेम काढायचा नाही. लाकूड तापून फुगलेलं असतं. मी एकदा घाईत पिळला आणि टेनन शँकमध्येच तुटून राहिला. तासभर निवू द्या. मग राख काढा, स्टेम फिरवत फिरवत वेगळा करा, दोन्ही भागांतून क्लीनर फिरवा आणि बाउल आतून कागदाच्या बोळ्याने पुसा. एकदा ओढलेला ब्रायर निदान एक दिवस उभा ठेवून वाळू द्यावा, ओल लाकडातून बाहेर पडायला तेवढा वेळ लागतोच. म्हणून लवकरच दुसरा पाइप लागतो.

नव्या ब्रायरचे पहिले आठ-दहा बाउल अर्धेच भरा आणि तळापर्यंत सावकाश ओढा. भिंतींवर काजळीचा पातळ थर धरतो, त्याला केक म्हणतात. तो लाकडाला आचेपासून राखतो. मात्र त्याची जाडी एक-दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नका. जाड थर तापून पसरतो आणि बाउलला तडा जातो. जास्तीचा थर बोथट सुरीने गोल फिरवत खरवडा. मीरशॉममध्ये मात्र हा थर धरूच द्यायचा नसतो, दर वेळी पुसून काढायचा.

उरलेली तंबाखू रबरी झाकणाच्या काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब आणि मुलांच्या, पाळीव जनावरांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. पोटात गेलेली थोडी तंबाखूही त्यांना विषासारखी बाधते. फ्रीजमध्ये नको, बरणीत पाणी शिंपडायचं तर अजिबात नाही, बुरशी येते. झाकणावर मिश्रणाचं नाव आणि तारीख लिहा. व्हर्जिनिया वर्षागणिक गडद आणि गोड होत जाते, लाटाकियाचा धुरकटपणा उलट मवाळ होतो. एकाच डब्याच्या दोन बरण्या भरा: एक आता ओढायला, दुसरी बंद. वर्षाने दोन्ही शेजारी शेजारी उघडून हुंगून पाहा.